जाहिरातीतल्या मागण्या आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शाळा शिकले, पुढे संसारात पडले. आज मी लोणच्यावर किंवा वाळवणावर दोन शब्द बोलले असते, तर कोणाला नवल वाटले नसते. परंतु गेली दोन वर्षे मी पाहते आहे की, आपल्या हळदीकुंकवात म्हणा, बचत गटाच्या बैठकीत म्हणा, एकच प्रश्न फिरत असतो : "तुमच्या पोरीले लागली का नोकरी?" "तुमच्या पोराचं काय झालं?" ज्यांची मुले शिकली त्यांच्याच घरी ही काळजी अधिक. म्हणून मी हाच विषय घेतला आहे. नोकरी देणारे लोक संगणकाच्या नाना विद्या मागतात. त्या मागण्यांकडे आपल्या मुलांनी कसे पाहावे आणि आपण आयांनी काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेल्या बाईला यातले काय कळते? तर माझी मुलगी २०२४ च्या जून महिन्यात संगणकाची बी.ई. झाली, आणि त्यानंतर चौदा महिने ती घरी राहून नोकरी शोधीत होती. या चौदा महिन्यांत रोज संध्याकाळी भाकरी थापताना ती मला जाहिराती वाचून दाखवी. अडलेला शब्द मी वहीत लिहून घेई आणि त्याचा अर्थ तिला विचारी. अशा रीतीने माझी एक वही भरली. तीच माझी विद्या समजा.

प्रथम ही जाहिरात कशी असते ते सांगते. वर लिहिलेले असते, "नवशिके उमेदवार पाहिजेत." आणि खाली मागणी येते : जावा पाहिजे, पायथन पाहिजे, रिअ‍ॅक्ट पाहिजे, अँग्युलर पाहिजे, एसक्यूएल पाहिजे, क्लाउड पाहिजे, आता त्यात भर म्हणून एआय पाहिजे, शिवाय दोन वर्षांचा अनुभव. नवशिक्याला दोन वर्षांचा अनुभव कोठून यावा, हे लिहिणाराच जाणे! माझी मुलगी एकदा हताश होऊन म्हणाली, "आई, याईले एका माणसात दहा माणसं पाह्यजेत."

यातून मुलांचे कसे होते पाहा. आज एका जाहिरातीत एक विद्या दिसली की मुलगी ती शिकावयास बसते. आठ दिवस होत नाहीत तो दुसरीत दुसरीच दिसते. मग पहिली टाकून दुसरी धरते. चार महिन्यांनी हिशेब करावा तर सहा गोष्टींना हात लावलेला, आणि एकही पुरती आलेली नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, असे होते. आणि याच वेळी घरात कोणी तरी सुचवू लागते की, आता किती दिवस वाट पाहावयाची, स्थळे पाहू या. आमच्याकडेही ही गोष्ट निघाली होती. तिच्या वडिलांनी सोयाबीन आणि तुरीच्या पैशांतून तिचे शिक्षण केले आहे. लोक त्यांनाही टोचून बोलत. मुलगी ऐकत असे आणि दिवसेंदिवस अबोल होत असे. म्हणून हा विषय नुसता संगणकाचा नाही. आपल्या मुलींच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

आता पहिली गोष्ट लक्षात घ्या की, नोकरी न लागणे हा सर्वस्वी मुलांचा दोष नसतो. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात टीसीएस या कंपनीतले मनुष्यबळ १३,२४९ ने कमी झाले, इन्फोसिसमधले २५,९९४ ने, आणि विप्रोमधले २४,५१६ ने. तीन मोठ्या कंपन्या मिळून साठ हजारांवर माणसे कमी झाली, आणि त्याच सुमारास आपली मुले परीक्षा देऊन बाहेर पडली. बाजारात आवक फार आणि गिऱ्हाईक थोडे झाले की व्यापारी मालात खोड काढू लागतो, हे आपल्याला काय कोणी शिकवावयाचे? वाशीमच्या मोंढ्यात सोयाबीन नेल्यावर भाव पडलेला असला की ओलावा जास्त निघतो, काडीकचरा जास्त निघतो. जाहिरातीतल्या मागण्याही अशाच. माणसे पुष्कळ असली की यादी लांबते.

दुसरी गोष्ट, ही यादी कोण करतो? पुष्कळ वेळा जो फोन करतो त्याने स्वतः ते काम केलेले नसते. त्याला वरून शब्द आलेले असतात, ते तो वाचून दाखवितो. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन अगदी निराळ्या भाषा आहेत, दोन्ही १९९५ साली बाहेर आल्या, नावात तेवढे साम्य. पण एका फोनवाल्याने माझ्या मुलीला सांगितले, "तुम्हांला जावा येते ना, मग जावास्क्रिप्ट येतच असेल." अशा माणसाच्या तोंडच्या यादीवरून आपल्या मुलीने आपली किंमत का ठरवावी?

एक गंमत सांगते. ही मुलीनेच मला सांगितली. कोलंबिया देशातला सेबास्तियान रामिरेझ नावाचा एक तरुण आहे. त्याने फास्टएपीआय नावाचे एक साधन तयार केले. ते डिसेंबर २०१८ मध्ये प्रथम बाहेर आले. २०२० च्या जुलैमध्ये त्याच्या पाहण्यात एक जाहिरात आली. तीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता. त्याने जाहीरपणे लिहिले की, मला काही या जागेसाठी अर्ज करता यावयाचा नाही, कारण ही वस्तू मी घडविल्याला दीडच वर्ष झाले आहे! भगिनींनो, ज्याने वस्तू घडविली तोच जेथे नापास होतो, तेथे आपल्या मुलांनी यादी पाहून रडत बसण्यात काय अर्थ आहे?

मग यादीचे करावयाचे काय? आपण पत्रिका पाहतो ना, तसे करावे. पत्रिकेत गुण छत्तीस असतात. छत्तीसच्या छत्तीस जुळले तरच लग्न लावू असे म्हटले, तर गावात एक मांडव पडणार नाही. अठरा जुळले की पुढे बोलणी होते. आम्ही वहीच्या पानावर तीन रकाने केले. पहिल्यात "येते", दुसऱ्यात "येण्याजोगे", तिसऱ्यात "येत नाही". येण्याजोगे म्हणजे ज्याच्या जातीचे दुसरे काही मुलीला येत होते आणि थोड्या दिवसांत हाताखाली आणता आले असते. तिला रिअ‍ॅक्ट येत होते. अँग्युलर येत नव्हते. पण दोन्हींचे काम पडद्यावर पाने दाखविण्याचेच असल्यामुळे अँग्युलर दुसऱ्या रकान्यात गेले. पहिले दोन रकाने मिळून निम्मी यादी भरली की अर्ज करावयाचा, असा नियम आम्ही ठरविला. त्याआधी ती एक शब्द कमी पडला तरी जाहिरात सोडून देत असे. मुलींना ही सवय फार असते. सगळे आल्याशिवाय पुढे व्हावयाचे नाही, असे आपणच त्यांना लहानपणापासून शिकविलेले असते.

या वहीचा आणखी एक उपयोग झाला. पुष्कळ जाहिराती एकापुढे एक लिहिल्यावर दिसून आले की, काही शब्द दर महिन्याला बदलतात, पण काही हलत नाहीत. एसक्यूएल हा शब्द निम्म्याहून अधिक ठिकाणी होता. माहितीच्या साठ्यातून पाहिजे ते शोधून काढण्याची ती भाषा, आणि ती १९७० नंतरच्या दशकातली, म्हणजे माझ्या जन्माआधीची! तेव्हा मुलीने ठरविले की, जे हलत नाही ते आधी पक्के करावयाचे आणि जे बदलते त्यातले एकच धरावयाचे.

हे मला कसे पटले ते सांगते. आपल्या जऊळका स्टेशनावरून पूर्वी छोटी गाडी जात असे. २००८ साली अकोला–पूर्णा लाइन रुंद झाली. रुळांमधले अंतर एक मीटरचे होते, ते १.६७६ मीटर झाले. स्लीपर, इंजिन, डबे, सगळेच बदलले. म्हणून रुळावर काम करणाऱ्या जुन्या गँगमनची विद्या फुकट गेली का? खडी कशी ठोकावी, उन्हाने रूळ कसा फुगतो, पावसात भराव कोठे खचतो, ही नजर जुनीच कामास आली. माप नवे शिकावे लागले, हे खरे. पण माप थोड्या दिवसांत शिकता येते, नजर यावयास वर्षे लागतात. संगणकाच्या कामातही असेच आहे, असे माझी मुलगी सांगते.

परंतु येथे एक फरक नीट ध्यानात ठेवावा, नाही तर माझ्या सांगण्याने कोणाचे नुकसान व्हावयाचे. हा अठरा गुणांचा हिशेब खासगी कंपनीचा. सरकारी जागेची अट ही अट असते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेस मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्दांचे किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र मागतात; तेथे २९ चालत नाही. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, आणि कित्येक सरकारी पदांना ते किंवा तसे प्रमाणपत्र लागते. ज्या मुलांना त्या वाटेने जावयाचे आहे त्यांनी ही प्रमाणपत्रे आधीच हाती ठेवावीत, जाहिरात आल्यावर धावू नये. आणि तीच एक वाट धरून बसू नये. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले होते.

अट काय असते हे आपल्यालाही ठाऊक आहे. अंगणवाडी मदतनीस होण्यास पूर्वी सातवी पास पुरत असे. २०२३ साली नवा नियम झाला आणि बारावी पास लागू लागली. आपल्यातल्या कितीतरी बायांची ती वाट तेथेच बंद झाली. तेथे कोणाशी घासाघीस करता येत नाही. पण उलट बाजूही पाहा. २०२१ पासून अंगणवाडीच्या सेविकांना पोषण ट्रॅकर नावाच्या मोबाईलच्या कार्यक्रमात रोजची माहिती भरावी लागते. सुरुवातीस तो इंग्रजीत होता, मोबाईल धड चालत नव्हते, म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाईल परत केले, मोर्चे काढले. त्यांची तक्रार शिकण्याविरुद्ध नव्हती. मोडके साधन देऊन काम मागण्याविरुद्ध होती. पन्नाशीला आलेल्या बाया आज ते काम करतात. मग बावीस वर्षांच्या मुलीला नवे साधन शिकता येणार नाही, असे कसे म्हणावे?

आता फोन आल्यावर काय बोलावे ते सांगते. पहिला नियम, खोटे बोलू नये. जे येत नाही त्याला "येत नाही" म्हणावे. पण तेथे थांबू नये. "हे मी वापरलेले नाही, परंतु याच जातीचे अमुक वापरले आहे आणि त्यातून अमुक काम केले आहे," असे पुढचे वाक्य तयार ठेवावे. दुसरा नियम, आपणही विचारावे. माझी मुलगी विचारू लागली, "या यादीतल्या कोणत्या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून लागतील?" एका ठिकाणच्या बाईंना याचे उत्तर देता आले नाही. त्यांनी आत विचारून दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सांगितले की, दोनच लागतील. अकरा मागण्यांच्या दोन झाल्या, नुसत्या एका प्रश्नाने!

तिसरा नियम अर्जाचा. पुष्कळ ठिकाणी अर्ज आधी माणूस वाचीत नाही, संगणक चाळतो. म्हणून जे आपल्याला येते ते जाहिरातीत ज्या शब्दाने लिहिले आहे त्याच शब्दाने लिहावे. चाळणीला अर्थ कळत नाही, आकार तेवढा कळतो.

आणि खोट्याविषयी थोडे अधिक. एका मध्यस्थाने आमच्या मुलीला सांगितले की, दोन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवून देतो, अमुक रक्कम भरा, नोकरीची हमी. रक्कम ऐकून तिच्या वडिलांच्या मनात तूर विकावी असे आले होते. मुलीनेच नको म्हटले. हल्ली भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक पुष्कळ नोकरदारांना असतो आणि माणूस कोठे किती दिवस होता हे त्यावरून कळते. कंपन्या ते तपासतात. खोटे उघडे पडले तर लागलेली नोकरीही जाते आणि नाव खराब होते ते निराळेच. बायांनो, नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. दागिना मोडून हमीचे वर्ग लावू नका. शिकावयाचेच असेल तर मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे, त्याचे लहान लहान धडे मराठीतूनही ऐकावयास मिळतात. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर आहेत, सरकारचे स्वयम् २०१७ पासून आहे. तेथे शिकण्यास पैसा पडत नाही; परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावयाचे असेल तर तेवढी फी.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नुसते "मला येते" म्हणण्यापेक्षा काही तरी करून दाखवावे. आपल्या बचत गटाचा हिशेब वहीत असतो, आणि महिनाअखेर व्याजावरून आपली कशी तोंडे लागतात ते मी सांगावयास नको! माझ्या मुलीने तो हिशेब संगणकावर बसविला. कोणी हप्ता अर्धाच भरला तर आधी व्याज वळते करावयाचे की मुद्दल, कोणी दोन महिने आली नाही तर काय, हे सगळे तिने आपल्याकडून विचारून घेतले. तुम्हीच दोघी-तिघींनी तिला सांगितले की, पैसे रुपयात पूर्ण करताना प्रत्येकीच्या नावावर थोडे थोडे अंतर पडते आहे. तिने ते दुरुस्त केले. पुढे मुलाखतीत तिला यादीपेक्षा याविषयीच अधिक विचारले. चूक कोणी दाखविली, ती कशी सापडली, कशी काढली, असे अर्धा तास. ती म्हणाली, "आमच्या गावच्या बायांनी दाखवली." म्हणून तिच्या नोकरीत या मंडळाचाही वाटा आहे, हे मी आज मुद्दाम सांगते.

होय, तिला पंधराव्या महिन्यात पुण्याच्या एका लहान कंपनीत काम मिळाले. सहा महिने उमेदवारीचे आहेत, पगार बेताचा आहे, पुढे कायम करतील की नाही ते तेव्हा कळेल. म्हणून मी पेढे वाटलेले नाहीत. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या जाहिरातीत अकरा मागण्या होत्या. तिला चार येत होत्या, दोन येण्याजोग्या होत्या. आणि कामावर गेल्यावर तिला जे साधन वापरावयास दिले, ते त्या अकरांत नव्हतेच!

शेवटी आपण आयांनी काय करावे? नोकरी शोधणे हेही एक कामच आहे असे समजून मुलीला त्यासाठी दिवसातले ठरावीक तास द्यावेत. त्या वेळी तिला भांडी, पाणी, पाहुणे यांसाठी उठवू नये. मुलाला आपण उठवीत नाही, मग मुलीला का? वीज केव्हा असते ते पाहून तिच्या कामाची वेळ ठरवावी. "लागली का?" असे रोज विचारू नये, "आज कुठं अर्ज केला, काय विचारलं?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या हाती नसते, दुसऱ्याचे असते. आणि कोणी स्थळाची घाई केली, तर आईने पुढे होऊन मुदत मागून घ्यावी. मी तिच्या वडिलांजवळ एक वर्ष मागून घेतले होते, आणि त्यांनी ते दिले, याबद्दल मी त्यांचे उपकार मानते.

आणखी एक विनंती. मी भरलेली वही मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. ज्यांची मुले नोकरी शोधीत आहेत त्यांनी ती न्यावी, तीन रकाने तसेच पुढे चालवावेत आणि नवे शब्द लिहून परत आणावी. एकीला कळलेले दुसरीला सांगणे, यासाठीच तर आपण मंडळ चालवितो.